झिजलेले दात आणि शिवणीची रेघ

दिग्या, आपल्या भुंगेऱ्याचं प्रूफ आलं.

बुधवारी दुपारी कॉलेजच्या पत्त्यावर लिफाफा आला. आपल्या शोधनिबंधाची छापलेली सात पानं, तुझ्या चित्रांचं एक वेगळं पान, आणि संपादकांची चिठ्ठी, की दुरुस्त्या दहा दिवसांत परत पाठवा. लिफाफा फोडता फोडता मी विचार करत होते, तुला निरोप कसा द्यावा? तुमच्या खालच्या मजल्यावर पाटकरांकडे फोन करावा, की सरळ रविवारीच विक्रोळीला घेऊन यावं? मग हात थांबला. तुला जाऊन तीन आठवडे झाले आणि मी अजून अशी वेड्यासारखी वागतेय.

सुमनने मला एक काम दिलंय. तुमच्या कॉलनीच्या मंडळाच्या अंकात तुझ्यावर कुणीतरी लिहायचं आहे. "नलूताई, तुम्ही ह्यांना चाळीपासून ओळखता, तुम्हीच लिहा," म्हणाली. बायकोचा शब्द मोडायचा नाही हे तुझं तत्त्व, म्हणून बसले. जन्म कधी, शाळा कुठली, कारखान्यात किती वर्षं, हे तुझा तो युनियनवाला मित्र लिहील, त्याला सगळं पाठ आहे. मला मात्र तुझ्याबद्दल 'ते' आणि 'त्यांनी' असं लिहिता येईना. 'कैलासवासी दिगंबर' एवढं लिहिलं आणि वाटलं, तू पाठीमागून वाचून फिदीफिदी हसतोयस. तीन कागद फाडले. आता सरळ तुझ्याशीच बोलते. मंडळाला छापायचं तर छापू दे.

घाटकोपरला आपल्या चाळीमागे टेकडी होती, आणि तुझ्या खिशात कायम एक काडेपेटी. त्यात काड्या सोडून बाकी सगळं असायचं. पहिल्यांदा तू ती माझ्या नाकासमोर उघडलीस तेव्हा मी इतकी किंचाळले की दोन्ही घरांतून आपल्याला मार पडला. दुसऱ्यांदा मी वाकून बघितलं. हिरवा, चमकणारा, पाठीवर ठिपके असलेला भुंगेरा होता. मी प्राणिशास्त्र घेतलं ते त्या दुसऱ्या वेळेमुळे. तुझ्या वडिलांची मिलमधली नोकरी डळमळत होती, म्हणून मॅट्रिक झाल्यावर तू आयटीआयला गेलास आणि तिथून विक्रोळीच्या कारखान्यात, टूलरूममध्ये, हत्यारांना धार लावायला. मी कॉलेजात गेले आणि पुढे तिथेच शिकवायला लागले. खरं तर उलटं व्हायला हवं होतं. हे मी तुला कधी म्हणाले नाही, कारण तू लगेच म्हणाला असतास, "मग तुला धार लावायला कुणी ठेवली असती गो?"

आपली गोष्ट सुरू झाली सुक्या बोंबलांपासून. पावसाळ्याची बेगमी करायला सुमनने तुला खारदांड्याला पाठवलं होतं, यादी देऊन. तू परतलास ते अर्धी यादी विसरून आणि तंबाखूच्या डबीत सतरा भुंगेरे घेऊन. साबुदाण्याएवढे, काळे, चकचकीत. कोळणी जिथे बांबूंवर बोंबील वाळत घालतात तिथे खाली वाळूत सडकी मुंडकी पडतात, त्यांच्याखाली हे राहतात आणि माश्यांच्या अळ्या खातात. जरा बोट लावलं की सहाही पाय पोटाशी घेऊन मेल्याचं सोंग करतात. "आमच्या खात्यात ओव्हरटाइमचं नाव काढलं की दोघं-तिघं अगदी असेच पडतात," तू म्हणालास. सुमन आतून ओरडली की माझे बोंबील कुठायत, आणि आपण दोघं त्या डबीवर वाकलेलो.

या किनाऱ्यावरच्या अशाच एका भुंगेऱ्याचं वर्णन कुणा गोऱ्या साहेबाने फार पूर्वी करून ठेवलेलं आहे. ते मी लायब्ररीतून हाताने उतरवून आणलं. वाळू उकरायला याच्या पुढच्या पायांच्या कडेला दात असतात. साहेब लिहितो, दात पाच आणि टोकदार. आपल्या डबीतल्या भुंगेऱ्यांचे दात बोथट होते, आणि पाचवा तर नुसता उंचवटा. मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं, ही नवी जात. घाई होती रे मला. कॉलेजात वरची जागा निघणार होती आणि माझ्या नावावर मुलांसाठी सायक्लोस्टाइल केलेल्या नोट्स सोडून काही नव्हतं. एका पेपरने काम झालं असतं.

दोन महिन्यांत मी लिहून काढलं. तू पायाची चित्रं केलीस, डोक्याएवढी मोठी, एकेक केस जिथल्या तिथे. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये बसून मी तीन कार्बन घालून टाइप केलं. शनिवारी संध्याकाळी लिफाफ्यावर तिकिटं चिकटवून मी वाट बघत होते की तू येशील, एकदा नजर टाकशील, आणि सोमवारी पोस्टात टाकू.

तू आलास. चपला काढायच्या आधी खिशातून चिंधी काढलीस आणि तिच्यातून दोन कटर टेबलावर ठेवलेस. लोखंड कापायच्या दातेरी चकत्या. तुझ्या टूलरूमच्या तेलाचा वास अख्ख्या खोलीत पसरला.

"नले, हा नवा. हा सहा महिने चाललेला. दोघं एकाच खोक्यातनं आलेले, एकाच नंबराचे. आता दात बघ."

"बरं, मग?"

"मग काय मग? तुझा भुंगेरा जन्मभर वाळू उकरतो ना? ही झीज आहे गो. आपल्याला म्हातारे पीस मिळाले. नवी जात नाय ही."

"सतराच्या सतरा म्हातारे?"

"सतरापैकी तू चित्राला पाच दिलेस. उरलेले बारा माझ्याकडे डबीत होते, ते आज बघितले, ही घे डबी. सगळे सारखे नायत."

तेव्हा मी जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. तुलाही आठवत असणार, पण तू एकदाही काढलं नाहीस. मी म्हणाले, "दिग्या, तू हत्यारांना धार लावतोस. प्राणिशास्त्र मला शिकवू नकोस." तू कटर परत चिंधीत गुंडाळलेस. "बरं, येतो," म्हणालास. चहा ठेवला होता तो तसाच राहिला.

रागाच्या भरात मी सतराही भुंगेरे सूक्ष्मदर्शकाखाली घेतले, तुला खोटं पाडायला. सर्वात टोकदार दात डावीकडे, सर्वात बोथट उजवीकडे, असे एका ओळीत लावले. डावीकडचा पहिला साहेबाच्या वर्णनात चपखल बसत होता. शेवटचा माझ्या वर्णनात. आणि मधले पंधरा हळूहळू, एकेक करून, याच्यातून त्याच्यात जात होते. कुठेही फट नव्हती. तरुण होता त्याचे दात टोकदार, म्हातारा झाला त्याचे सपाट. मी एका किड्याच्या म्हातारपणाला नवी जात ठरवलं होतं, आणि ते सोमवारी पोस्टात टाकायला निघाले होते.

पेपर गेला नाही. वरची जागा दुसऱ्याला मिळाली. साडेचार महिने आपण बोललो नाही. सुमनचा एकदा फोन आला, "भांडलात का?" मी म्हटलं, "कामात आहे." त्या साडेचार महिन्यांत मी तुझ्या नावाने किती खडे फोडले, सांगत नाही. तू चुकला असतास तर मी एका आठवड्यात माफ केलं असतं. तू बरोबर होतास म्हणून इतके दिवस लागले.

आणि मग ते पोस्टकार्ड आलं. अजून माझ्या पर्समध्ये आहे. नकाशावर गावांची नावं लिहावीत तशा तुझ्या बारीक ठाशीव अक्षरात: "नले, पाय सोड. पाय तो वापरतो. तो जे वापरत नाही ते बघ. पाठ बघ. दि."

मी वीस वर्षं मुलांना शिकवतेय की दोन जाती वेगळ्या ओळखायच्या तर कुठली लक्षणं धरावीत. पुस्तकात त्यावर एक अख्खं प्रकरण आहे. पण इतक्या कमी शब्दांत मला ते कुणी सांगितलं नव्हतं. हत्यार वापरणाऱ्याने कसं वापरलं ते दातांवर दिसतं, कारखान्यातून कसं निघालं ते दातांवर शोधायचं नसतं. हे तुला रोज सकाळी सात वाजता टेबलावर येऊन पडणाऱ्या बोथट कटरांनी शिकवलं, आणि तू ते मला फुकट दिलंस.

पुढच्या रविवारी मी कॉलेजचा सूक्ष्मदर्शक जुन्या साडीत गुंडाळून आणि ती डबी पर्समध्ये घालून बसने विक्रोळीला आले. दार तू उघडलंस. मी वाटेत चार वाक्यं तयार केली होती. तू म्हणालास, "दूध फाटलंय. कोरा चालेल?" मी म्हटलं, चालेल. ती चार वाक्यं तिथेच राहिली, दिग्या. आता सांगते, त्यातलं पहिलं होतं, 'माझं चुकलं'. बाकीची तीन त्याचीच सारवासारव होती.

पाठीवर रेघा होत्या. सुईने कोरल्यासारख्या बारीक, दोन्ही पंखांवर. दोन कडक पंख मिटल्यावर मध्ये जिथे मिळतात तिला पुस्तकात मोठं नाव आहे, पण सुमन शिवणयंत्रावरून उठून आली, भिंगातून बघितलं आणि म्हणाली, "ही शिवण, आणि ही शिवणीला लागून घातलेली टीप." त्या दिवसापासून आपण तिला शिवणीची रेघ म्हणायला लागलो. सतरापैकी अकरा भुंगेऱ्यांत ही रेघ मागून निघून पाठीच्या मध्यावर थांबत होती. सहांत ती थेट खांद्यापर्यंत जाऊन कमानीसारखी वळत होती आणि शेजारच्या रेघेला मिळत होती. दात टोकदार असोत की बोथट, रेघेला त्याचं काही नव्हतं. त्या डबीत पहिल्या दिवसापासून दोन जाती होत्या. अर्ध्या रेघेची साहेबाची आणि पुऱ्या रेघेची कुणीच न पाहिलेली. आपण चुकीच्या टोकाला बघत भांडत होतो.

तू एवढ्यावर थांबशील तर ना! "सहा पिसांवर बॅच पास करत नाय कुणी." मग दोन वर्षं आपले रविवार खारदांड्याच्या वाळूत गेले. लोक रंगीत टीव्हीपुढे बसले होते तेव्हा आपण सुमनची मैद्याची चाळण घेऊन बोंबलांखाली. ती चाळण परत स्वयंपाकघरात आलीच तर मी माहेरी जाईन, असं सुमनने बजावलं होतं. हिराबाईने, जिच्या बोंबलांखाली आपण बसायचो, पहिल्या दिवशी आपल्याला हाकलून दिलं. दुसऱ्या खेपेला तू तिला सांगितलंस की हे किडे तुझ्या मासळीवरच्या अळ्या खातात. तेव्हापासून ती स्वतःच हाका मारायची, "ए चाळणवाल्या, हितं बघ, हितं लय हायत!" साहेबाच्या जातीचे जुने नमुने संग्रहालयातून मागवून ताडून पाहिले. नरांची पोटं उघडली. त्यांच्या पोटातल्या एका कडक भागाचं टोक साहेबाच्या जातीत सरळ, आपल्या जातीत वाकडं. ते चित्र करायला तुला तीन रविवार लागले, कारण तो भाग केसाएवढा आणि तुला मनासारखी रेघ जमेना. माझे हात अशा कामाला जाड. मी फक्त लिहीत होते. एकोणनव्वद भुंगेरे जमले, आणि एकाही भुंगेऱ्यात गोंधळ नव्हता.

नावावरून मात्र शेवटपर्यंत वाजलं. मला सुमनचं नाव द्यायचं होतं, शिवणीसाठी. तू म्हणालास, "सडक्या मुंडक्याखाली राहणारा किडा आणि माझ्या बायकोचं नाव? मला घरी जेवायचं आहे." तुला गावाचं नाव हवं होतं, खारदांड्याचं. मी म्हटलं, परदेशी माणसाला ते म्हणताच येणार नाही. "शिकतील. आपण नाय त्यांची नावं शिकलो?" शेवटी तुझं ऐकलं. प्रूफमध्ये ते नाव तिरक्या अक्षरांत छापलेलं बघितलं, आणि कबूल करते, छान दिसतं.

तू असा गेलास की भांडायलाही वेळ दिला नाहीस. सकाळच्या पाळीला निघताना छातीत कळ आली, आणि रिक्षा येईपर्यंत सगळं आटोपलेलं. पाटकरांचा फोन आला तेव्हा मी मुलांना झुरळाची पचनसंस्था शिकवत होते. त्या दिवसापासून मी रडले, चिडले, सुमनजवळ बसून राहिले. पण आज लिहायला बसले तर मनात सगळ्यात वर काय येतं, सांगू? उपकार. माणसाला आयुष्यात शाबासकी देणारे बरेच भेटतात. तिकिटं चिकटवलेल्या लिफाफ्यावर हात ठेवून 'थांब' म्हणणारा मला एकच भेटला. तो नसता तर माझ्या नावावर एक खोटी जात असती, आणि पुढे कुणीतरी ती एका ओळीत खोडून टाकली असती. त्याहून वाईट म्हणजे कुणी खोडली नसती, आणि मी ती खरी मानून शिकवत राहिले असते. तू मला त्यातून वाचवलंस आणि त्यावर एकदासुद्धा मिरवला नाहीस.

आता रविवारचं सांगते. खरं तर हेच सांगायला बसले होते.

प्रूफ तपासून झालं होतं. तुझ्या आडनावात त्यांनी एक अक्षर जास्त घातलंय, ते काढलं. एका चित्राचा क्रमांक चुकलाय. बाकी स्वच्छ. पाठवायच्या आधी एकदा जाऊन यावंसं वाटलं, म्हणून चाळण पिशवीत घालून खारदांड्याला गेले. हिराबाई बोंबील उलटे करत होती.

"आज एकलीच? चाळणवाला नय आला?"

मी सांगितलं. तिने हातातले बोंबील होते तेवढे घालून संपवले, हात पदराला पुसले, आणि म्हणाली, "मंग आता तू चाळ, बाय. किडं काय थांबनार नय."

मी चाळलं. नऊ मिळाले. घरी येऊन एकेक भिंगाखाली घेतला. आठांचं काही विशेष नाही, पाच आपले, तीन साहेबाचे. नववा मी तीनदा बघितला, चष्मा पुसून. दिग्या, त्याच्या उजव्या पंखावरची शिवणीची रेघ थेट खांद्यापर्यंत जाते आणि कमान करून वळते. डाव्या पंखावरची अर्ध्यावर थांबते. एका बाजूने तो आपला आहे आणि दुसऱ्या बाजूने साहेबाचा.

नर असता तर पोटातला तो भाग बघून निकाल लागला असता. माझ्या जाड हातांनी पोट उघडलं. मादी निघाली.

म्हणजे आता तीन शक्यता. एखादीची रेघ जन्मतःच अधुरी राहिली असेल. किंवा दोन्ही जातींचा संकर होत असेल. किंवा दुसऱ्यांदाही आपणच चुकलो असू आणि ही मुळात एकच जात असेल. मला पहिली वाटते. तुला काय वाटलं असतं हे मी रात्रीपर्यंत ऐकायचा प्रयत्न केला, पण तू कधीच माझ्या मनासारखं बोलला नाहीस, त्यामुळे तुझ्या वतीने बोलायची मला सवय नाही.

ही मादी माझ्याशिवाय कुणीही पाहिलेली नाही. ती वाळूत फेकून दिली असती तर पेपर होता तसा छापला गेला असता, सात स्वच्छ पानं, आणि या वर्षी परत निघणाऱ्या वरच्या जागेसाठी माझा अर्ज त्याच्यासकट गेला असता. तिच्याबद्दल लिहिलं तर संपादक पेपर थांबवतील, पुन्हा परीक्षकाकडे पाठवतील, कदाचित नाकारतीलही. मग तुझं नाव छापलेलं सुमनला मी कधी दाखवणार? खोटं नाही सांगत, ती मादी बशीत ठेवून मी अर्धा तास या विचारात बसले होते.

मग तिला तुझ्या पद्धतीने त्रिकोणी कागदावर चिकटवलं. चिठ्ठी लिहिली, अक्षर तुझ्याइतकं बारीक आलं नाही. अठ्ठ्याण्णवावा नग. आणि प्रूफच्या पाचव्या पानावर, जिथे आपण लिहिलं होतं की सर्व नमुन्यांत हा फरक स्पष्ट दिसतो, तिथे 'सर्व' खोडून समासात लाल शाईने एक वाक्य घातलं. पेपर इंग्रजीत आहे, तुला मराठीत सांगते: 'खारदांडा येथे आम्हाला मिळालेल्या एका मादीत उजव्या पंखावरची शिवणीची रेघ पूर्ण, तर डाव्या पंखावरची अर्ध्यावर थांबलेली आहे, याचा अर्थ आम्हाला अद्याप लागलेला नाही.'

नमुना मिळाल्याची तारीख द्यावी लागते. ती मी खरी दिली, परवाच्या रविवारची. संपादक नीट वाचणारे असतील तर विचारतील, कारण पहिल्या पानावर तुझ्या नावाखाली तू गेल्याची तळटीप मीच घातली आहे. त्या रविवारी तू नव्हतास. तरी 'आम्हाला' खोडलेलं नाही. लिफाफा आज सकाळी पोस्टात टाकला.